शेरा : पाणी फार थंड

“रेघेवाचून जगाला आकार नाही. पर्वत असोत, सागर असोत, साम्राज्यं असोत, कुणीतरी हात न थरथरता रेघ ओढली म्हणूनच ती आपापल्या जागी उभी आहेत!” हे जागतिक महत्त्वाचं विधान रेघमास्तरांनी आरशासमोर उभं राहून केलं, तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं प्रत्येक बटण शेजारच्या काजात गेलेलं होतं. गळ्याशी एक काज रिकामं राहिलं होतं आणि पोटाशी एक बटण बेवारशासारखं लोंबत होतं. सहा दिवसांनी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणाची ही तालीम होती. बायको मशीनवरून उठली. तिचा शिवणकामाचा धंदा होता. सुया ओठांत धरून बोलायची तिला इतकी सवय होती, की सुया नसल्या तरी ती ओठ मिटूनच बोलायची. तिने मास्तरांना खांद्याला धरून स्वतःकडे वळवलं आणि खालून वर एकेक बटण सोडायला सुरुवात केली. “पहिलं चुकलं की वरपर्यंत सगळी चुकतात,” ती म्हणाली. “आणि मधली सगळी अगदी बरोबर लागल्यासारखी दिसतात. साम्राज्यं उभी करा तुम्ही. आधी सदरा उभा करा.” मास्तर हसले. हसण्यासारखंच होतं. दुपारपर्यंत ते वाक्य सदरा सोडून दुसऱ्याच गोष्टीला लागू पडेल असं तेव्हा काही वाटलं नाही.

नकाशा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. टेबलाला एका बाजूने उतार होता आणि मास्तर त्यावर इतकी वर्षं वाकले होते, की घरी सपाट टेबलावर जेवताना त्यांना ताट आपल्या अंगावर येतंय असं वाटे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे, धुलाई केंद्राच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसत, आणि टाकी व चादरी यांच्यामधल्या हातभर फटीत डोंगर दिसे. सगळा नव्हे, त्याचा डावा खांदा फक्त. सकाळी तो राखाडी असे, अकराच्या सुमारास निळा होई, आणि चारनंतर त्याच्यावर कुठून तरी एक तांबूस झाक येऊन बसे. ती झाक दिसली की मास्तर पेन खाली ठेवत आणि चहा मागवत. कार्यालयात लोक घड्याळाकडे बघून चहा पीत, मास्तर डोंगराकडे बघून. गच्चीवरच्या चादरी जास्त झाल्या की त्यांचा चहा चुके. समोरच्या भिंतीवर, काचेमागे, त्याच डोंगराचा नकाशा टांगलेला होता. तो मास्तरांनीच एकतीस वर्षांपूर्वी काढलेला. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेघा, जवळजवळ आल्या तर चढ उभा, लांब लांब गेल्या तर चढ सोपा, हे नवीन माणसाला शिकवायचं असलं की त्याला या नकाशापुढे उभं करत. ‘ही रेघ बघ. याला म्हणतात हात.’ त्या नकाशामुळेच त्यांचं रेघमास्तर हे नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव विचारल्यावर पगारपत्रक बघावं लागे.

त्या दिवशी साडेअकराला मॅडम स्वतः फाईल घेऊन आल्या. मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. एके काळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यामुळे त्यांना हुकूम सोडताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं आणि तो त्या विनंतीच्या कागदात गुंडाळून देत. “मास्तर, एक सही. मूळ नकाशाबरहुकूम आहे म्हणून. दगडाच्या खाणीचा प्रस्ताव आहे. मी त्यांना सांगितलं, नकाशा आमच्या मास्तरांचा आहे, म्हणजे तपासायलाच नको.” मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. भिंतीवरच्याच नकाशाची प्रत होती, आणि तिच्या डाव्या खांद्यावर लाल शाईने एक चौकोन आखलेला होता. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: पाच पावलं पुढे जाताना जिथे एका पावलाहून जास्त वर चढावं लागतं तो उतार राखीव, तिथे कुदळ लावायची नाही. त्याहून सोप्या उताराला काही संरक्षण नाही. लाल चौकोनात पाच रेघा होत्या. पाचही एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या, शिस्तीत, सुंदर. सहा पावलांना एक. म्हणजे खोदायला मोकळं. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, आणि त्यांचा हात, साम्राज्यं जागी ठेवणारा तो हात, थरथरला. शाईचा एक थेंब फाईलवर पडला. “टिपकागद देते,” मॅडम म्हणाल्या. “नको,” मास्तर म्हणाले. “राहू द्या फाईल. मी बघतो.” “बघायचं काय त्यात?” “बघतो,” मास्तर पुन्हा म्हणाले. आपण हा शब्द एकतीस वर्षं उशिरा उच्चारतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

कारण त्या पाच रेघा त्यांनी बघितल्याच नव्हत्या. सोळा नंबरच्या जागेपर्यंत सगळं मोजलं होतं, खुंटी ठोकून, दुर्बीण लावून, घाम पुसून. वरचा कडा पलीकडच्या बाजूने आदल्या आठवड्यात झाला होता. मधली सतरा नंबरची जागा तेवढी राहिली होती. खांद्याचा पोटाकडचा भाग, वर झुडपं, वळणामागे लपलेला. हाताखालच्या माणसांना त्यांनी सामान घेऊन पुढे तंबूकडे पाठवलं होतं, दुर्बिणीतल्या आकड्यांचं शेवटचं वाचन आपण एकटेच करू म्हणून. सत्तावीस वर्षांचे होते. गुडघे होते की नाही हेसुद्धा माहीत नसण्याचं वय. आणि सोळा नंबरच्या खुंटीपासून वीस पावलांवर एका काळ्या खडकाखालून पाणी येत होतं. आवाज न करता येत होतं, जसं काही कुणी आत बसून हळूच ओततंय. त्यांनी बूट काढले. एवढंच केलं. पाय पाण्यात सोडले आणि थंडी नडगीतून थेट दातांत गेली. मग समोर बघितलं. त्याआधी महिनाभर ते डोंगरावर होते, पण डोंगर मोजत होते. मोजणाऱ्याला डोंगर दिसत नाही, त्याला आकडे दिसतात. ती पहिली वेळ. एकामागे एक सात रांगा. शेवटची इतकी फिकी की ती डोंगराची की डोळ्यांची हे कळेना. ढगाची सावली एका उतारावरून खाली उतरली, दरीत बुडाली आणि समोरच्या उतारावर चढली, न दमता. एक पक्षी वाऱ्यावर जागच्या जागी थांबला होता, पंख न हलवता, कार्यालयातल्या बड्या अधिकाऱ्यासारखा, काही न करता उंचावर. खडकाच्या भेगेत नखाएवढी पिवळी फुलं होती, कुणी बघो न बघो, पूर्ण तयारीनिशी फुललेली. मास्तर बघत बसले. दोन तास. मग धुकं आलं आणि सगळ्यावर पडदा टाकून गेलं. डोंगर बघण्यात डोंगर मोजायचा राहिला. तंबूत कंदिलाशी बसून त्यांनी खालची उंची घेतली, वरची उंची घेतली आणि मधलं अंतर पाच रेघांत समसमान वाटून टाकलं, भावंडांत वाटावं तसं. उद्या जाऊन बघू म्हणाले. उद्या तंबू उठला.

आता हे एवढंच असतं तर मास्तरांनी स्वतःला समजावलं असतं. समजावून बघितलंही. दुपारभर ते टेबलाशी बसून स्वतःचं वकीलपत्र घेऊन भांडत होते. अंदाज होता, पण जाणत्याचा अंदाज होता. कदाचित बरोबरच असेल. डोंगर काय, कुठेतरी चढतोच. शिवाय खाण म्हणजे दगड, दगड म्हणजे रस्ते, घरं, ही तुझी खुर्ची ज्या फरशीवर आहे ती फरशी. सगळं खरं होतं. पण मधेच एक आवाज येई. पाण्यात पाय सोडून बसले असताना वरून एक दगड आला होता. लहानसा, मुठीएवढा. त्यांच्यापासून चार हातांवरून गेला. तो येण्याआधी त्याचा आवाज आला होता, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्, मग पुन्हा काही नाही. दोन टकांच्या मधे तो दगड हवेत होता. सोप्या उतारावरून दगड घरंगळत येतो. उड्या मारत येत नाही. हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. कळूनही त्यांनी रेघा समसमान वाटल्या, कारण तशा त्या छान दिसत होत्या. ही गोष्ट त्यांनी एकतीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही. चार वाजता ते उठून तळघरातल्या दप्तरखान्यात गेले. त्या मोजणीची वही सापडू नये अशी मनात प्रार्थना करत त्यांनी ती अत्यंत पद्धतशीरपणे शोधली. सापडली. आपलंच बारीक, टोकदार अक्षर. सोळा नंबरपुढे आकडे. सतरा नंबरपुढे कोरे रकाने, एक, दोन, तीन, चार. आणि शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात, सरकारी शाईत, तारीख घालून: पाणी फार थंड.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. मधेच थांबली नाही, वर बघितलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “म्हणजे ‘डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी रेघ ओढत नाही’ हे जे तुम्ही माझ्या माहेरच्या प्रत्येक माणसाला ऐकवलंत...”

“ते बाकीच्या रेघांबद्दल होतं.”

“आमच्या धाकट्या भावाला तर लग्नात ऐकवलंत. उभा होता बिचारा हार घालून.”

“अगं, तू तरी आता...”

“मी काही बोलले का?” तिने दोरा तोडला. “हे बघा. हा कोट तिसऱ्यांदा आलाय. आधीच्या शिंप्याने खांदा चुकवला आणि वरून इस्त्री मारून दिला. इस्त्रीने शिवण सरळ होत नाही हो. उसवावीच लागते. दिसायला वाईट दिसतं थोडा वेळ.”

“सहा दिवस राहिलेत.”

“मग घाई करा.” आणि थोड्या वेळाने, सुई दिव्यासमोर धरून, “आणि मोजल्यावर तो उतार सोपाच निघाला तर?”

हाच तो प्रश्न होता. मग नावही जाणार आणि डोंगरही. लोक म्हणणार, म्हातारा जाता जाता स्वतःच्या तोंडाला काळं फासून गेला, तेही फुकट. मास्तर पलंगावर आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. छताला पोपडे आले होते, आणि ते अभावितपणे त्या पोपड्यांच्या उंच्या लावू लागले. त्यांना वाटलं, आपण त्या डोंगराचं काय लागतो? तो काही आपल्याला ओळखत नाही. आपण त्याच्या फटीतल्या खांद्याकडे बघून चहा पितो, बस. पण मग वाटलं, या शहरात रोज सकाळी लाखभर माणसं उठतात, आणि वर बघायला म्हणून त्यांच्याकडे तेवढं एकच आहे. बाकी सगळं समोर बघायचं किंवा खाली बघायचं. धुलाई केंद्रातली बाई चादर झटकताना एकदा तिकडे बघते, हे त्यांनी पाहिलं होतं. तिला कुणी विचारलं असतं की डोंगराचा उपयोग काय, तर तिने चादर झटकायला सुरुवात केली असती. उपयोग सांगता येत नाही म्हणून गोष्ट निरुपयोगी ठरत नाही. मास्तरांच्या मेहुण्याचं सोडलं तर. आणि रस्ते चुकले तर पुन्हा बांधता येतात, नकाशा चुकला तर पुन्हा काढता येतो. खांदा एकदा उतरवला की तो कुठल्या काजात घालणार? त्यांना झोप लागली तेव्हा ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं, की ते घोरले.

“मास्तर, गप्प बसा ना,” दुसऱ्या दिवशी मॅडम दार लावून म्हणाल्या. हुकूमही नाही, विनंतीही नाही, चक्क गयावया. “त्या नकाशावर मी शिकलेय. माझ्यानंतरचे सगळे शिकलेत. आणि निरोपाला तुम्हाला काय द्यायचं ठरलंय माहितीय? त्याच नकाशाची मोठी प्रत. फ्रेम करून आलीय. माझ्या कपाटामागे उभी आहे.”

“फ्रेम ठेवा. आतला कागद बदलू.”

“चेष्टा करताय?”

“मॅडम, नोकरीत पहिल्यांदाच करत नाहीये.” त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी धक्का होता, मग संताप, आणि मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी निसटलं, जे त्यांनी खोकून परत आत घेतलं. “पाणी फार थंड,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला एकदा एक शून्य कमी लिहिलं म्हणून आठवडाभर रबर विकत आणायला लावला होता.” “बरोबरच केलं होतं,” मास्तर म्हणाले. “मला कुणी रबर आणायला लावला नाही, म्हणून ही वेळ आली.”

खाणीच्या कंपनीचा इंजिनिअर चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा आणि अतिशय सभ्य माणूस होता. मास्तरांना त्याचा राग राग करायचा होता, पण तो संधीच देईना. “साहेब, तुमचाच नकाशा, त्यावर तेव्हाची तुमचीच सही, आणि आता तुम्हीच म्हणता चूक,” तो हसत म्हणाला. “तोंडी मी काय मानणार? मोजून दाखवा. पण मोजकाठी मी धरणार. म्हणजे नंतर तुमच्याही मनात काही नको, माझ्याही.” अशा रीतीने निवृत्तीच्या आदल्या दिवशी तिघेजण डोंगर चढू लागले: पुढे इंजिनिअर, खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी घेऊन, मागे मॅडम, छातीशी वही धरून, आणि सर्वांत मागे मास्तर, तिपाई, दुर्बीण आणि उजवा गुडघा घेऊन. गुडघा सर्वांत जड होता. पहिल्या तासात तो कुरकुरला, दुसऱ्या तासात त्याने स्पष्ट शब्दांत विरोध नोंदवला. “थांबू या का, मास्तर?” मॅडमनी तीनदा विचारलं. “डोंगर थांबलाय ना एकतीस वर्षं,” मास्तर म्हणाले, “त्याला अजून किती थांबवायचं?” आणि चालत राहिले. वळणं तीच होती. गवत गुडघ्याएवढं, हातावर रेघोट्या ओढणारं. हवेचा वास बदलला, ओल्या दगडाचा झाला, आणि त्या वासाबरोबर सत्तावीस वर्षांचा तो माणूस कुठूनसा येऊन शेजारी चालू लागला. मास्तरांनी त्याच्याकडे रागाने बघितलं. तो गडी आपला मजेत होता.

सोळा नंबरची खुंटी सापडली नाही, पण खडकावर कोरलेली खूण सापडली, शेवाळाखाली. वीस पावलांवर तो काळा खडक, आणि त्याखालून येणारं पाणी, आवाज न करता. समोर सात रांगा. मास्तरांनी एकदाच तिकडे बघितलं आणि जत्रेत मुलाला खेळण्याच्या दुकानावरून ओढून न्यावं तशी मान ओढून घेतली. “आधी मोजणी,” ते मोठ्याने म्हणाले. “कोण नको म्हणतंय?” इंजिनिअर म्हणाला. “तुम्हाला नाही म्हणालो.” त्यांनी तिपाई रोवली. वळणाच्या पलीकडे, एकतीस वर्षांत प्रथमच, त्यांना सतरा नंबरची जागा दिसली. झुडपांमागून ती सरळ अंगावर आली. पण डोळ्यांना काय, डोळे भितात, भ्यालेल्या डोळ्यांना जिनासुद्धा कडा वाटतो. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. इंजिनिअर काठी घेऊन वर चढू लागला. पहिल्या वाचनाला तो उभा होता. दुसऱ्याला एका हाताने झुडूप धरून उभा होता. तिसऱ्याला तो गुडघ्यांवर होता, आणि त्याच्या बुटाखालून एक दगड सुटला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. मास्तरांनी डोळे मिटले, मग उघडले आणि आकडा सांगितला. मॅडमनी लिहिला. चौथा सांगितला, पाचवा सांगितला. प्रत्येक वाचन दोनदा घेतलं. हात थरथरला नाही. दोन तास लागले. पूर्वी लागले होते तेवढेच.

मॅडमनी खडकावर वही ठेवून गणित केलं. इंजिनिअर घसरत, खरचटत खाली आला आणि त्याने तेच गणित स्वतःच्या वहीत वेगळं केलं. पाच रेघांतल्या चार रेघा खालच्या पोटावर एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि पाचवी एकटी वर सपाटीवर आरामात पसरलेली. तीन पावलांना एक, काही ठिकाणी त्याहून उभं. “राखीव,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. इंजिनिअरने पँटच्या फाटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. “गणिताची गरज नव्हती,” तो म्हणाला. “माझ्या पोटऱ्यांना मघाशीच कळलं. वरची सपाटी सोपी आहे, पण तिथे यंत्रं न्यायला वाटच याच्यावरून. संपलं आमचं.” मग टोपी काढून तो समोर बघू लागला. बघतच राहिला. “च्यायला,” तो हळूच म्हणाला, “हे खालून दिसत नाही हो.” “खालून चादरी दिसतात,” मास्तर म्हणाले.

मॅडमनी नवीन पान काढलं. जबाब लिहायचा होता. वारा पानं उलटवत होता म्हणून इंजिनिअरने पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मास्तर टेकून उभे राहिले, घसा साफ केला, आणि आरशासमोर तालीम न केलेलं भाषण केलं. “लिहा. सतरा नंबरची जागा मी बघितली नव्हती. रेघा सोयीने वाटल्या. डोंगर सरासरीने चढत नाही; सरासरी काढतो तो माणूस, दमल्यावर. नकाशा चुकला आहे, डोंगर बरोबर आहे. भिंतीवरची प्रत उद्या सकाळी मी स्वतः उतरवीन आणि तिथे नवीन लावीन, शेऱ्यासकट. हा खांदा आज आपण वाचवला असं कुणी लिहू नका. तो त्याच्या उभेपणाने वाचला. आपण फक्त खोटं बोलायचं थांबलो. आणि यापुढे कुणी त्याच्यावर चौकोन आखायला आलं, तर मी निवृत्त असलो तरी हयात आहे, हेही लिहा.” मॅडम लिहीत होत्या. इंजिनिअरने टोपी पुन्हा घातली नव्हती. ढगाची एक सावली समोरच्या उतारावरून उतरली, दरीत बुडाली आणि अलीकडे चढू लागली, न दमता. “शेरा?” शेवटी मॅडमनी विचारलं. “तो रकाना रिकामा आहे. काही लिहायचंय?”

मास्तर लंगडत वीस पावलं गेले, काळ्या खडकावर कसेबसे बसले आणि पाण्याकडे बघू लागले. मग त्यांनी मागे वळून इंजिनिअरला हाक मारली.

“शेऱ्याचं सांगतो, पण आधी खात्री करायला हवी,” ते म्हणाले. “तुम्ही जरा इकडे येता का? गुडघा वाकत नाहीये. तेवढे माझे बूट काढून द्या.”